माणूस गटारात उतरणार नाही

जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्रश्न आला होता : हाताने मैला साफ करताना गेल्या पाच वर्षांत देशात किती माणसे मेली? सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की अशा मृत्यूंची नोंद नाही. त्याच मंत्रालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकसभेला सांगितले होते की गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे मेली.

मंत्रालयाच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि आपण संतापून उठायला हवे ते नेमके याच गोष्टीवर. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने या कामाचे दोन कप्पे केले. कोरड्या संडासातला मैला हाताने उचलणे आणि वाहून नेणे हा एक कप्पा. गटारात किंवा टाकीत उतरून केलेली ‘धोकादायक सफाई’ हा दुसरा. माणसे मरतात ती मुख्यतः दुसऱ्या कप्प्यात. म्हणून पहिल्याबद्दल विचारले की उत्तर शून्य येते. ३४० घरांतल्या बायका, आया, लेकरे त्या शून्याच्या पलीकडे उभी राहतात आणि देशाच्या धोरणाची चर्चा पुढच्या प्रश्नाकडे वळते.

मानवी हक्कांची पायमल्ली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाठ्या, तुरुंग आणि बंदुका येतात. पण या देशात हक्क सर्वांत स्वस्तात संपवले जातात ते रकान्यांत. कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे हे एकदा ठरले की पुढचे सगळे आपोआप घडते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण भारतातल्या १,८०,६५७ कुटुंबांच्या घरात मैला उचलणारे माणूस असल्याचे नोंदले गेले. त्यातली सर्वाधिक कुटुंबे आपल्या महाराष्ट्रात होती : ६३,७१३. त्यानंतर २०१३ आणि २०१८ ची सर्वेक्षणे झाली, त्यांत देशभर ५८,०९८ माणसे ‘निश्चित’ झाली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ६,३२५ आली. आधी मोजली ती कुटुंबे, नंतर मोजली ती माणसे. तरीही आकडा दहापट उतरला. इतकी माणसे इतक्या लवकर सुस्थितीत जाऊन पोचली असतील, यावर विश्वास ठेवणारा माणूस कुठल्याही नगरपालिकेच्या सफाई कामगार वसाहतीत कधी गेलेला नसावा. ज्याचे नाव यादीत नाही त्याला पुनर्वसन नाही, चाळीस हजारांची एकरकमी मदत नाही, कर्ज नाही आणि मुलाला प्रशिक्षणही नाही. जिल्ह्यामागून जिल्हा आपण मैलामुक्त असल्याचे वर लिहून देतो, आणि त्या जिल्ह्यातला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पहार आणि बादली घेऊन कामाला निघतो.

तो जिथे जातो तिथे एकदा आपण नीट पाहू. सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या पंपाशेजारी, सिमेंटचे झाकण असते. ते वर्षानुवर्षे उघडलेले नसते. पहार घालून, दोघे-तिघे जोर लावून ते सरकवतात. आत वर साय धरल्यासारखा थर, त्याखाली पाणी, आणि तळाशी घट्ट बसलेला गाळ. टँकरचा पाइप वरचे पाणी ओढतो, पण घट्ट गाळ त्याला ओढवत नाही. इथेच कोणीतरी म्हणते, ‘उतर रे जरा, ढवळून दे.’ ठेकेदार म्हणतो, मुकादम म्हणतो, कधी सोसायटीचा सेक्रेटरीही म्हणतो. अंगावर बनियन, कमरेला असला तर दोर, आणि वास सोसवावा म्हणून पोटात दारू. आतली हवा पाहण्यासाठी कोणी काडी पेटवून धरतो, कोणी झुरळे जिवंत आहेत का ते पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी स्वतःच शोधलेली ही साधने. दुसरी त्यांना कोणी दिलीच नाहीत.

त्या गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची ताकदच मारली जाते, आणि आत उतरलेल्या माणसाला वाटते की वास गेला, हवा मोकळी झाली. तो पायाने गाळ ढवळतो, तसा कोंडलेला वायू एकदम सुटतो. प्रमाण फार असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. वरून साथीदार हाक मारतो, उत्तर येत नाही, म्हणून तो उतरतो. मग तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. एका टाकीत एकामागून एक माणसे मेल्याची बातमी वाचली की कोणीतरी म्हणतेच, ‘एवढेसुद्धा कसे कळत नाही यांना?’ आपला माणूस डोळ्यांदेखत बुडताना काठावर उभे राहून हिशेब कोण करतो? त्यांचे अज्ञान त्यांना मारत नाही. झाकण उघडण्यापूर्वी वायू मोजण्याचे साधे यंत्र ज्यांनी द्यायचे ते देत नाहीत, आणि न देता उतरवले तरी त्यांचे काही वाकडे होत नाही, म्हणून ही माणसे मरतात. २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण केंद्र सरकारनेच करवून घेतले. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर कसलेही सुरक्षा साधन नव्हते.

आता कायद्याकडे वळतो. १९९३ साली या देशाने दोन कायदे केले. एक मानवी हक्क संरक्षणाचा, ज्यातून राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला. दुसरा मैला हाताने उचलायला लावण्यावर आणि कोरडे संडास बांधण्यावर बंदी घालणारा. दुसऱ्याची अंमलबजावणी सुरू व्हायलाच १९९७ उजाडले, आणि राज्याराज्यांनी तो स्वीकारायला आणखी वर्षे घेतली. बेझवाडा विल्सन आणि त्यांचे सफाई कर्मचारी आंदोलन २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि निकाल २०१४ च्या मार्चमध्ये लागला. दरम्यान २०१३ चा नवा कायदा आला. तो पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे गटार-टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावता येत नाही. ही बंदी महापालिकेला आहे, ठेकेदाराला आहे, तशी तुम्हा-आम्हालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला हीच मर्यादा पाच वर्षे आणि पाच लाख. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. कामगार अनुसूचित जातीचा असेल तर मैला उचलायला लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

मग घोडे अडते कुठे? ‘धोकादायक सफाई’ या शब्दांना कायद्याने जो अर्थ दिला आहे तिथे. सुरक्षा साधने न देता उतरवले तर ती धोकादायक सफाई, साधने देऊन उतरवले तर नाही. बंदी उतरवण्यावर नाही, उघड्या अंगाने उतरवण्यावर आहे. या फटीतून सगळी ठेकेदारी आत येते. निविदेत हातमोजे, मास्क, गमबूट यांची यादी असते, कार्यालयाच्या कपाटात ते सामान असते, त्यावर सह्या असतात. माणूस मेला की चौकशी अधिकाऱ्याला दाखवायला ते बाहेर येते आणि म्हटले जाते की साधने दिली होती, कामगारानेच वापरली नाहीत. म्हणून माझे स्पष्ट म्हणणे आहे की सुरक्षा साधनांची मागणी करत बसण्याचे दिवस आता संपले. आपली मागणी एकच हवी, आणि ती एका दमात सांगता यावी : माणूस गटारात उतरणार नाही. मास्क लावूनही नाही, गमबूट घालूनही नाही, ‘फक्त पाच मिनिटे’ही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. बलराम सिंह खटल्यात हाताने होणारी ही सफाई टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करण्याचा आदेश दिला आणि मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच खटल्यात मुंबईसह सहा महानगरांत गटारांत माणसे उतरवण्यावर बंदीचा आदेश झाला. न्यायालय जिथवर पोचले आहे तिथवर कायदे करणारे अजून पोचलेले नाहीत, आणि त्यांना तिथवर न्यायचे काम आपले आहे.

हे काम कोण करतो, हे न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ओळख पटलेल्या ५८,०९८ माणसांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती सरकारकडे होती. त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातींचे निघाले. शंभरातले सत्त्याण्णव. ज्या देशात राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, त्या देशातल्या एका कामाची ही आकडेवारी आहे. मेहतर, रुखी, वाल्मीकी वस्त्यांत जन्मलेल्या मुलाला शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जातो, हे त्यालाच विचारा. त्याने बी.ए. केले, आयटीआय केले, तरी नोकरीच्या चौकशीला गेल्यावर जागा कुठली दाखवली जाते, तेही विचारा. गरिबीमुळे माणसे असले काम करतात असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : गरीब तर सगळ्या जातींत आहेत, मग टाकीत उतरताना एकाच बाजूची माणसे का दिसतात?

महाराष्ट्रात या कोड्याला आणखी एक पीळ आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे पालिकेचा सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला तर त्याच्या वारसाला ती नोकरी मिळते. ही तरतूद काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. त्या एका पगारावर वस्त्याच्या वस्त्या जगल्या आहेत, घरे झाली, पोरी शिकल्या. कायम नोकरीचा तो शेवटचा आधार आहे. पण बापाच्या हातातला झाडू लेकाच्या हातात द्यायचा, एवढ्यावरच हा हक्क थांबत असेल तर तो अपुरा हक्क आहे. शिकलेल्या वारसाला त्याच्या पात्रतेचे दुसरे पद मिळालेच पाहिजे, आणि जिथे तसे करता येते तिथे ‘सफाई’च्या जागेवर सही घेऊन त्याला अडकवणाऱ्या बाबूला जाब विचारला पाहिजे. आणि ज्यांना वारसा हक्कही नाही, त्या कंत्राटी कामगारांचे काय? पालिका कायम जागा भरत नाही, ठेकेदार नेमते, ठेकेदार पोटठेकेदार नेमतो, आणि टाकीत मेलेल्या माणसाचे नाव कुठल्याच हजेरीपटावर सापडत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टात आणि रस्त्यावर झगडून २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायम करून घेतले. संघटना टिकवली तर हक्क मिळतो, हे त्या कामगारांनी सिद्ध केले आहे.

आपल्या मातीत या प्रश्नाला भिडलेली माणसे कमी झाली नाहीत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू चाले, मग कीर्तन. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांची संघटना उभी केली आणि या माणसांचा प्रश्न दयेच्या दारातून काढून कामगारांच्या हक्काच्या चौकात आणला. अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, आणि ती सांगितली जाते त्याहून थोडी वेगळी आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे म्हणून उपोषण केले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. इतकी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण अप्पासाहेब तिथे थांबले नाहीत. आपण ब्राह्मणाने मैला उचलल्याने मेहतराच्या डोक्यावरचे ओझे उतरत नाही, हे त्यांना लवकर उमगले. मग कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाच्या रचनेतच हात घातला. मैल्याचे जागच्या जागी खत होईल आणि तो ओला असताना कोणाला उचलावा लागणार नाही, अशा संडासावर त्यांनी मेहनत घेतली. मनपरिवर्तन हवेच, पण संडासही बदलावा लागतो, हे ज्याला कळले तो खरा सुधारक. आजच्या धोरणकर्त्यांना कोकणातल्या त्या एका माणसाइतके जरी दिसले असते तरी पुष्कळ जीव वाचले असते.

कारण २ ऑक्टोबर २०१४ पासून देशात दहा कोटींहून अधिक संडास बांधले गेले, आणि ते बांधायलाच हवे होते. उघड्यावर बसण्याची लाज आणि भीती बायकांच्या वाट्याला किती आली ते खेड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. पण संडास बांधताना पुढचा प्रश्न कोणी विचारला का? टाकी भरली की ती उपसणार कोण? जाणकार सांगतात की दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की दुसरा वापरा, पहिल्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कोरडे खत होऊन जातो आणि त्याला हात लावण्यात कसला धोका उरत नाही. प्रत्यक्षात गावोगाव मोठ्या एकाच टाकीची हौस आहे. जितकी मोठी टाकी तितकी वर्षे बघायला नको, असा हिशेब. ती दहा-पंधरा वर्षांनी उघडते तेव्हा तळाचा गाळ दगडासारखा झालेला असतो, आणि मग टँकरवाला माणूस मागतो. म्हणजे अनुदान घेऊन बांधलेल्या संडासाखाली आपण उद्याच्या अपघाताची जागा तयार करून ठेवतो.

हे टाळता येते, आणि त्यासाठी परदेशात जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने ते करून दाखवले. या दोन्ही नगरपरिषदांनी ठरवले की कोणाची टाकी तुंबेपर्यंत थांबायचे नाही. गावाचे भाग पाडायचे आणि साधारण तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी एकदा, ठरलेल्या वेळापत्रकाने, गाडी लावून उपसायची. खर्च स्वच्छता करातून काढायचा, घरमालकाला ऐनवेळी वेगळे पैसे मोजायला लावायचे नाहीत. उपसलेला गाळ नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. यातली खरी गंमत लक्षात घ्या. तीन वर्षांचा गाळ पातळ असतो, गाडीचा पाइप तो ओढून घेतो, आणि माणसाला आत उतरायचे कारणच उरत नाही. मोठे यंत्र नाही, अवघड विज्ञान नाही, फक्त वेळापत्रक आणि ते पाळण्याची इच्छा. कृष्णाकाठच्या वाईला जे जमले ते कोट्यवधींचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या शहरांना जमत नाही, असे कोणी सांगू नये.

‘पण आमच्या गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत येत नाही’, हे उत्तर प्रत्येक पालिकेच्या तोंडी असते. हैदराबादने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांसाठी लहान जेटिंग यंत्रे आणली. दिल्लीने २०१९ मध्ये तशा २०० गाड्या रस्त्यावर उतरवल्या आणि त्या चालवायला सफाई कामगार आणि त्यांच्या कुटुंबांतली माणसेच मालक म्हणून पुढे आणली. त्या योजनेमागे पुण्याच्या मिलिंद कांबळे यांनी उभारलेली दलित उद्योजकांची डिक्की होती. केरळच्या तरुण अभियंत्यांनी बनवलेले ‘बँडिकूट’ हे यंत्र मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढते आणि माणूस वर उभा राहून ते चालवतो. यंत्र आले तर यांची रोजीरोटी जाईल, असे कळवळून सांगणारेही भेटतात. त्यांना दिल्लीचे हे उदाहरण सांगावे. यंत्र यावे आणि त्याची चावी त्याच कामगाराच्या हातात असावी, पगार कायम कामगाराचा असावा, ही मागणी कामगारांच्याच संघटना करत आहेत. ज्याला वीस वर्षांत गटाराची नस कळली आहे त्याच्याइतका चांगला यंत्रचालक दुसरा मिळणार नाही.

आता शेवटची सबब, आणि ती आपल्या दारातली आहे. ‘तो तर खाजगी माणूस होता, सोसायटीने बोलावला, सरकारचा काय संबंध?’ डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका इमारतीची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या बायका भरपाईसाठी दारोदार फिरल्या आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की काम खाजगी इमारतीचे होते म्हणून राज्याची जबाबदारी संपत नाही. प्रत्येकीला दहा लाख द्या आणि जबाबदार माणसांकडून ते वसूल करा. नवरा गेल्यावर, हातात लहान पोरे असताना, देशातल्या सर्वांत महागड्या शहरात उभ्या राहून या तीन बायांनी जे पदरात पाडून घेतले ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक विधवेच्या उपयोगाचे आहे. त्यांच्यापुढे मान तुकवायची असेल तर त्यांचा निकाल वापरा. आपल्या जिल्ह्यात असा मृत्यू झाला असेल, मग तो १९९३ नंतर कधीही असो, तर त्या कुटुंबाला घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. ‘एक लाख घ्या आणि सही करा’ म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या कागदावर त्यांना एकटे सोडू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरी-खजिनदारांनो, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्या की आमच्या टाकीत माणूस उतरणार नाही. टँकरवाल्याला फोन करतानाच विचारा, यंत्र आहे ना? ‘एखादा माणूस लागेल’ म्हणाला तर फोन ठेवा. देशभर चालणारा १४४२० हा क्रमांक याच कामासाठी आहे, तो जिन्याजवळच्या फलकावर लिहा. अभियंत्यांनो, ज्या निविदेत यंत्राऐवजी मनुष्यबळाचा दर आहे तिच्यावर सही करू नका. तुमच्या त्या सहीने कोणाच्या तरी घरचा दिवा विझतो. शिक्षकांनो, वर्गातला झाडू पाळीपाळीने सगळ्यांच्या हाती द्या. पत्रकार मित्रांनो, ‘गुदमरून मृत्यू’ एवढ्या चार ओळींवर थांबू नका. ठेका कोणाचा होता, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला आणि आरोपी सुटला का, हे सहा महिन्यांनी पुन्हा छापा. पोलीस ठाण्यात अशा मृत्यूची अपघाती मृत्यू म्हणून नोंद करून फाइल बंद होत असेल तर तिथे दहा जण जाऊन बसा आणि २०१३ च्या कायद्याची कलमे लावायला सांगा. आणि सफाई कामगार बांधवांनो, भगिनींनो, ‘उतर’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणे हा तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे. ते ‘नाही’ एकट्याने म्हटले तर उद्याची हजेरी बुडते. अख्ख्या मुकादमीने एकत्र म्हटले तर ठेकेदाराला यंत्र आणावेच लागते. एकट्याने म्हणू नका, संघटना बांधून म्हणा.

नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा त्यांना रस्ते आणि दिव्यांबरोबर हेही विचारा की आपल्या प्रभागात जेटिंग आणि सक्शन गाड्या किती आहेत, आणि टाक्या उपसण्याचे वेळापत्रक वाईसारखे कधी सुरू करणार? खासदारांना सांगा की २०१३ च्या कायद्यातली ती साधनांची सूट काढून टाकणारी दुरुस्ती तुम्ही मांडा. आणि संसदेत पुन्हा कधी ‘नोंद नाही’ असे उत्तर आले तर आपल्याच खासदाराने उठून दुसरा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याआधी एक काम या महिन्यातच करता येईल. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असली पाहिजे, तिच्यात सफाई कामगार समाजाचे प्रतिनिधी असले पाहिजेत, आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी निदान एकदा झाली पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. समितीच्या मागच्या आठ बैठका कोणत्या तारखांना झाल्या? इतिवृत्ताच्या प्रती द्या. गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यात गटार आणि टाकीत किती माणसे मेली, किती गुन्हे कलम ७ खाली नोंदले, भरपाई कोणाला किती मिळाली? अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. बैठकच झाली नसेल तर ती घ्या म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, आणि ज्या दिवशी ती होईल त्या दिवशी वस्तीतल्या कामगारांना बरोबर घेऊन त्या खोलीच्या दारात हजर राहा.